इंजिनाखालचे बोल्ट : चाकणची शिकवण आणि किनाऱ्याची शिकवण

पावसाळी मासेमारीबंदीचे दोन महिने, १ जून ते ३१ जुलै, हे कोकण किनाऱ्यावर दुरुस्तीचे दिवस असतात. नौका वर ओढलेल्या असतात आणि इंजिने खोलली जातात. कंपनाने झिजलेली रबर माउंटिंग काढून नवी बसवली जातात. शिडाच्या बोटी बाळगणारे हौशी लोकही हीच कामे याच काळात उरकतात. माउंटिंग बदलताना त्यांचे बोल्टही बदलावे लागतात, आणि मग एक साधा वाटणारा प्रश्न पुढे येतो : जुन्याच्या जागी नेमका कोणता बोल्ट घालायचा? हाय टेन्साइल की स्टेनलेस? ८.८ की १०.९? पांढऱ्या झिंकचा, पिवळ्या झिंकचा की गॅल्व्हनाइज केलेला?

या प्रश्नावर दोन ठाम मते आहेत. एक पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत घडलेले, दुसरे खाऱ्या हवेत घडलेले. दोन्ही अनुभवावर उभी आहेत आणि तरीही एकमेकांना छेदतात. ती कुठून आली, कुठे बरोबर आहेत आणि कोणते मुद्दे अजून सुटायचे आहेत, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दशकांत पिंपरी, भोसरी, आकुर्डी हा पट्टा इंजिन आणि वाहनांचा झाला. टेल्को, बजाज ऑटो, बजाज टेम्पो हे मोठे कारखाने इथे आले. ग्रीव्हजची डिझेल इंजिने इथे बनू लागली, तर नदीपलीकडे खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आधीपासून, १९४६ पासून, होतेच. पुढे चाकणला बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने उभे राहिले. ग्रीव्हज आणि किर्लोस्करची इंजिने शेतपंप, जनित्र आणि मासेमारी नौका अशा तिन्ही ठिकाणी गेली. त्यामुळे कोकणातल्या माणसाचा इंजिनाच्या जोडणीविषयीचा प्रश्न घाट चढून इकडे येतो, यात नवल नाही.

या पट्ट्याने बोल्टविषयी बोलायची एक पद्धत रूढ केली. पूर्वी ‘एमएस’ आणि ‘एचटी’ एवढे दोनच प्रकार मानणाऱ्या वर्कशॉपमध्ये वाहन उद्योगाने आकड्यांची भाषा आणली. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असेल, तर त्याची तन्यशक्ती किमान ८०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आणि तो कायमचा ताणला जाण्याची मर्यादा तिच्या ०.८ पट, म्हणजे ६४०. १०.९ असेल, तर १००० आणि ९००. साध्या लोखंडी बोल्टचा ४.६ म्हणजे ४०० आणि २४०. आयएसओ ८९८-१ आणि त्याच्याशी सुसंगत भारतीय मानक आयएस १३६७ यांनी हे ठरवून दिले आहे. स्टेनलेसची भाषा निराळी : ए४-७० म्हणजे आपण ज्याला ३१६ म्हणतो त्या जातीचा बोल्ट, तन्यशक्ती ७००, पण ताणला जाण्याची मर्यादा फक्त ४५०. ए४-८० मध्ये ती ६०० पर्यंत जाते. सगळा वाद या आकड्यांवरून सुरू होतो.

चाकणची शिकवण

वाहन जोडणीच्या रांगेवर काम केलेल्या माणसाचे मत स्वच्छ असते. बोल्टचे काम दोन भाग एकत्र धरून ठेवण्याचे. तो आवळला की स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि त्या ताणाने, म्हणजे प्रीलोडने, दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात. दाब पुरेसा असेल तर त्या दोन भागांमध्ये घसरण होत नाही, आणि घसरण नसेल तर कंपनाचा भार बोल्टपर्यंत फारसा पोहोचतच नाही. जास्त प्रीलोड हवा असेल तर जास्त ताकदीचा बोल्ट हवा. म्हणून गाड्यांच्या इंजिन माउंटला अनेकदा १०.९ चा, कॉलरवाल्या डोक्याचा बोल्ट असतो, ठरलेल्या टॉर्कनंतर ठरलेला कोन फिरवून आवळलेला, आणि काही ठिकाणी एकदा काढला की पुन्हा न वापरायचा.

या विचारात स्टेनलेसला जागा नाही. एम१२ चा ८.८ बोल्ट कोरड्या आट्यांवर साधारण ८५ ते ९० न्यूटन-मीटरला आवळला तर सुमारे ३७ किलोन्यूटन प्रीलोड मिळतो. ए४-७० ला तेवढे आवळले तर तो त्याच्या मर्यादेला जाऊन भिडतो. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे कोरडे घासले की एकमेकांना चिकटून बसतात. नट अर्ध्यावर जाम होतो, पुढे आवळत नाही आणि मागेही येत नाही, शेवटी कापूनच काढावा लागतो. ज्याने हे एकदा पाहिले आहे तो इंजिनाखाली स्टेनलेस घालायला सहजी तयार होत नाही.

किनाऱ्याची शिकवण

किनाऱ्यावरच्या मिस्त्रीचा युक्तिवाद आकड्यांनी सुरू होत नाही. बोटीच्या इंजिनाखाली बिल्जचे पाणी साचते, शाफ्टच्या ग्लँडमधून थेंब उडतात, इंजिन थंड झाले की खारट दमट हवा प्रत्येक फटीत दव धरते. पांढऱ्या झिंकचा पाच-आठ मायक्रॉनचा थर तिथे फार काळ टिकत नाही. तो गेला की ८.८ चा बोल्टही गंजतोच. त्याची मूळ ताकद कितीही असो, आटे खाल्ले गेल्यावर तिचा उपयोग उरत नाही. आणि गंजलेला बोल्ट पुढच्या दुरुस्तीत निघत नाही, डोके तुटते, मग इंजिनाच्या ब्लॉकमध्ये अडकलेला तुकडा ड्रिलने काढत बसावे लागते. म्हणून ३१६.

शिडाच्या बोटीत ही बाजू आणखी भारी होते. गोव्यात दिवाडी बेटावरच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेल्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौदलाच्या ५६ फुटी शिडाच्या नौका पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या : दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने, अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये एकट्याने आणि कुठेही न थांबता, आणि २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी. अशा प्रवासात बोट दिवसेंदिवस एका अंगावर कलून चालते. तेव्हा इंजिनाचे वजन माउंटवर सरळ न येता आडवे येते, आणि तेही इंजिन बंद असताना. इंजिन कमी वापरले जाते, म्हणून त्याच्या आसपासचा भाग कोरडा करणारी उष्णताही कमी मिळते. गाडीत नसलेली आणखी एक गोष्ट बोटीत असते. अनेक बोटींत प्रोपेलरचा पुढे ढकलणारा जोर गिअरबॉक्समार्फत थेट इंजिनावर आणि तिथून माउंटवर येतो. चाकणच्या कोणत्याही माउंटिंगला हे काम करावे लागत नाही.

स्टेनलेसच्या दोषांकडे मात्र ही बाजू पुरेसे पाहत नाही, असे मला वाटते. स्टेनलेस टिकते ते त्याच्यावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि तो थर राखायला ऑक्सिजन लागतो. ओल्या लाकडात रुतलेल्या किंवा सीलंटमध्ये बंद असलेल्या बोल्टच्या दांड्याला हवा मिळत नाही. तिथे फटीतला गंज आतल्या आत दांडा खातो, तर बाहेरचे डोके चकचकीत राहते. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये खाऱ्या पाण्यासह स्टेनलेस बसवले तर ब्रॅकेट खाल्ले जाते, आणि गॅल्व्हनाइज वॉशरसोबत बसवले तर आधी जस्त जाते.

एका माउंटला तीन जोड

या दोन शिकवणी समोरासमोर ठेवल्या की भांडण न मिटणारे वाटते. पण दोघांच्या डोळ्यांसमोर एकच बोल्ट नसतो. एका माउंटला तीन जोड असतात : ब्लॉक आणि ब्रॅकेट यांचा, ब्रॅकेट आणि रबराच्या स्टडचा, आणि माउंटचा पाय व खालचे बेड यांचा. चाकणचा माणूस पहिल्याविषयी बोलत असतो, किनाऱ्याचा बहुतेक वेळा तिसऱ्याविषयी.

पहिला जोड धातूवर धातूचा आहे, पाण्यापासून थोडा वर आहे आणि इंजिनाच्या उष्णतेने कोरडा राहतो. ब्लॉक ओतीव लोखंडाचा असतो, आटे त्यातच पाडलेले असतात. इथे इंजिन बनवणाऱ्याने दिलेला ग्रेड, तोच आकार आणि तीच लांबी, हेच उत्तर आहे आणि ते बहुतेक ८.८ किंवा १०.९ असते. इथे चाकणची शिकवण जिंकते.

दुसऱ्या जोडात बदलायला फारसे काही नसते, कारण स्टड रबराच्या पोटात बसवलेला असतो. खराब झाला तर माउंटच बदलायचे. पण इथेच एक चूक वारंवार होते. शाफ्ट सरळ रेषेत आणण्यासाठी ब्रॅकेट स्टडवर खूप वर चढवला जातो. स्टड जितका उघडा तितका वाकण्याचा भार अधिक, आणि स्टड तुटतो तो बहुधा तिथेच. उंची हवी असेल तर माउंटच्या पायाखाली लोखंडी पट्टी द्यावी, ब्रॅकेट खाली ठेवावा. कपलिंगच्या दोन तोंडांतला फरक दर १०० मिलिमीटर व्यासाला सुमारे ०.१ मिलिमीटरच्या आत हवा, असा जुना नियम आहे. स्टडवरचा नट हे मोजून झाल्यावर, बोट पाण्यात तरंगत असताना शेवटचा आवळायचा.

तिसरा जोड सगळ्यांत गुंतागुंतीचा, आणि माझ्या मते साऱ्या वादाचे मूळ तिथे आहे. खाली लाकूड असते, किंवा लाकडावर चढवलेले फायबरग्लास. एम१२ बोल्टच्या साध्या वॉशरचा टेकणारा पृष्ठभाग सुमारे ३२० चौरस मिलिमीटर. ८.८ चा पूर्ण ३७ किलोन्यूटन प्रीलोड त्यावर दिला तर दाब येतो ११५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. सागवान धाग्याच्या आडव्या दिशेने त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच दाब सोसते. म्हणजे वॉशर लाकडात रुतणार, लाकूड चेपणार आणि प्रीलोड निघून जाणार. तेवढा प्रीलोड टिकवायचा असेल तर बोल्टखाली किमान ६० बाय ६० मिलिमीटरची जाड पोलादी पट्टी हवी. ती नसेल तर ८.८ पुरा आवळता येत नाही आणि १०.९ ची जास्तीची ताकद वापरताच येत नाही. जोडाची मर्यादा बोल्टने नाही, बेडने ठरवलेली असते. म्हणून तिसऱ्या जोडात ए४-८० घातल्याने काही गमावले जात नाही. उलट रुंद पट्टी न घालता १०.९ घेतला तर पैसे वाया जातात आणि मनाला खोटे समाधान मिळते. लाकडात थेट पिळलेले कोच स्क्रू हा सर्वांत दुबळा पर्याय आहे, कारण लाकूड एकदा सैल झाले की पुन्हा पकड येत नाही. आरपार बोल्ट शक्य असेल तिथे तोच घ्यावा.

तुटतो कसा : थकवा आणि सैल होणे

ग्रेड वाढवला की टिकाऊपणा वाढतो, हा समज वर्कशॉपमध्ये घट्ट बसला आहे. जर्मन अभियंता संघाच्या व्हीडीआय २२३० या मार्गदर्शकातला हिशेब वेगळे सांगतो. लाटून आटे पाडून मग उष्णता-प्रक्रिया केलेल्या एम१२ बोल्टची, कंपनाच्या उलटसुलट ताणाला सोसण्याची मर्यादा सुमारे ४९ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर येते, आणि त्या सूत्रात फक्त व्यास आहे, ग्रेड नाही. ८.८ असो, १०.९ असो, आकडा तोच. जास्त ग्रेडचा फायदा होतो तो फक्त जास्त प्रीलोड देता येतो म्हणून. प्रीलोड दिला नाही तर १०.९ थकव्याने तितक्याच लवकर तुटतो.

बोल्ट तुटण्याआधी बहुधा सैल झालेला असतो. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिले की बोल्टच्या अक्षाला आडवे कंपन असेल आणि पृष्ठभाग घसरू लागले, तर नट स्वतःहून उलटा फिरतो. त्याच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी आज जगभर वापरली जाते. स्प्रिंग वॉशर त्या चाचणीत फारसा उपयोगी ठरत नाही, आणि जर्मन मानकांतून त्याचे डीआयएन १२७ हे मानक कधीच काढून टाकले गेले. आपल्याकडे मात्र स्प्रिंग वॉशरशिवाय जोडणी पुरी झाली असे कुणाला वाटत नाही.

पर्यायांत एकमत नाही. नायलॉक नट स्वस्त आणि सहज मिळणारा आहे, पण त्यातले नायलॉन १२० अंश सेल्सिअसपर्यंतच चालते आणि प्रत्येक वेळी नवाच वापरावा लागतो. आट्यांना लावायचा लॉक करणारा द्रव हवा तुटली आणि धातूचे आयन मिळाले की घट्ट होतो. स्टेनलेसवर आणि झिंकवर तो मंद पडतो, प्रायमर लावावा लागतो, आणि तेलकट आट्यांवर त्याचा भरवसा नाही. पाचरीच्या दातांचे जोडीने बसणारे वॉशर युंकरच्या चाचणीत सर्वांत चांगले ठरतात. पण त्यांच्या खाली कठीण धातू हवा, लाकूड किंवा रंगवलेला पत्रा चालत नाही. थोडक्यात, तिन्हींची जागा वेगळी आहे. त्यातला एकच सगळीकडे लावायचा आग्रह मला पटत नाही.

टॉर्कचीही एक अडचण आहे. आपण पान्यावर जो जोर लावतो त्यातला सुमारे निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, जवळपास ४० टक्के आट्यांत, आणि फक्त दहाव्या हिश्श्याचा ताण बनतो. आट्यांना तेल लागले की त्याच टॉर्कला प्रीलोड सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. म्हणून तक्त्यातला आकडा कोरड्या आट्यांचा आहे की तेलकट, हे पाहिल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. स्टेनलेसला जाम होऊ नये म्हणून अँटी-सीझ लावणाऱ्याने तर टॉर्क कमी केलाच पाहिजे.

लेप

बोल्टवरच्या लेपात पट्ट्याने मोठा प्रवास पाहिला. युरोपीय संघाने वाहनांतल्या षट्संयुजी क्रोमियमवर बंदी आणली आणि ती २००७ पासून लागू झाली. त्यामुळे निर्यातीच्या वाहनांसाठी झिंकवरची पिवळी पॅसिव्हेशन मागे पडली. तिच्या जागी त्रिसंयुजी पॅसिव्हेशन आणि झिंक-फ्लेकचे राखाडी लेप आले. मीठ-फवाऱ्याच्या चाचणीत झिंक-फ्लेक साध्या इलेक्ट्रोप्लेटिंगच्या कितीतरी पट तास टिकतो. त्यात आम्ल आणि विद्युतधारा नसल्याने आणखी एक धोकाही टळतो.

तो धोका म्हणजे हायड्रोजन. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या वेळी पोलादात हायड्रोजन शिरतो आणि फार कठीण बोल्ट आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, कोणताही इशारा न देता तुटतो. १२.९ ला हा धोका सर्वांत जास्त, १०.९ ला काठावर, ८.८ ला जवळजवळ नाही. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत सुमारे २०० अंशांवर भाजले तर धोका बराच कमी होतो. छोट्या प्लेटिंगवाल्याकडे सुटे बोल्ट देताना हे भाजणे होते की नाही, हे विचारून घ्यावे, आणि १२.९ चे बोल्ट तिथे देऊच नयेत.

गॅल्व्हनाइजिंगचा ५० मायक्रॉनच्या आसपासचा जाड थर खाऱ्या हवेत चांगला टिकतो. पण त्यासाठी नटाचे आटे मोठे पाडलेले हवेत. बाजारातला साधा नट गॅल्व्हनाइज केलेल्या बोल्टवर चढत नाही, आणि जबरदस्तीने चढवला तर जस्त खरवडून निघते.

आट्यांची गफलत

एम१२ म्हणजे एकच बोल्ट नाही. साधी पिच १.७५, जपानी इंजिनांत १.२५ आणि युरोपीय इंजिनांत १.५ सर्रास. पेटर-लिस्टरच्या ब्रिटिश घराण्यातल्या जुन्या इंजिनांवर व्हिटवर्थ आटे सापडतात, ज्यांचा कोन ५५ अंशांचा, तर मेट्रिक आणि अमेरिकन आट्यांचा ६०. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थला इंचात १२ आटे, अमेरिकन यूएनसीला १३. दोन-तीन फेऱ्या सगळेच आत जातात. पिच गेज घेऊन मोजावे, हाताने अंदाज करू नये.

खरा माल, खोटा माल

डोक्यावर कोरलेला आकडा किती खरा? अमेरिकेत १९८० च्या दशकात बोरॉन पोलादाचे कमी प्रतीचे बोल्ट वरच्या ग्रेडच्या खुणेने विकले गेले आणि त्यातून १९९० मध्ये फास्टनर क्वालिटी कायदा झाला. भारत सरकारने बोल्ट, नट आणि फास्टनरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२३ मध्ये काढला. बनवणाऱ्याची खूण आणि ग्रेड, दोन्ही डोक्यावर नसतील तर तो बोल्ट ८.८ मानू नये, एवढा नियम तरी प्रत्येकाला पाळता येतो.

भंगारातून निवडलेल्या बोल्टचा प्रश्न याला जोडूनच आहे. चिखलीजवळच्या कुदळवाडीतली भंगार दुकाने आणि शेड्स २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने मोठ्या प्रमाणावर पाडली, पण जुन्या गाडीतून काढलेले ‘ओरिजिनल’ बोल्ट वापरायची सवय त्याने गेलेली नाही. या सवयीमागचा विचार पूर्ण चुकीचा नाही. कारखान्यातून आलेला बोल्ट खरा असतो. पण तो किती वेळा मर्यादेपलीकडे ताणला गेला आहे, हे पाहून कळत नाही.

इथे या पट्ट्याचा खरा फायदा आहे. भोसरीची केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था आणि चिंचवडचे ऑटो क्लस्टर वाहनांच्या भागांची चाचणी करतात. कठीणता मोजणे ही यातली सर्वांत सोपी चाचणी आहे आणि खोटा ग्रेड तिथे सहज उघडा पडतो. नौकांच्या सोसायट्यांनी हंगामापूर्वी बोल्ट एकत्र घेऊन त्यातले चार तपासून घेतले, तर एकट्या मालकाला न परवडणारे काम सगळ्यांना परवडेल.

अजून न सुटलेले

व्हीडीआयचा थकव्याचा आकडा कोरड्या हवेतला आहे. खाऱ्या पाण्यात पोलादाला ती ठाम मर्यादा उरत नाही, ताण लहान असला तरी पुरेशा फेऱ्यांनंतर तडा जाऊ शकतो. बोटीच्या माउंटमधल्या एम१०-एम१२ बोल्टचे आयुष्य त्यातून काढण्याची सर्वमान्य पद्धत अजून नाही. म्हणून ‘दर किती वर्षांनी बदलावे’ याचे उत्तर आज अनुभवावरच सोपवलेले आहे.

रबराचाही प्रश्न आहे. नवे रबर पहिल्या काही आठवड्यांत दबते, मग नट पुन्हा आवळायचा असतो. पण आट्यांवर लॉकिंगचा द्रव लावला असेल तर पुन्हा आवळताना त्याची पकड तुटते. आधी आवळून, चालवून, मग द्रव लावायचा, की पाचरीचे वॉशर घालून द्रव टाळायचा? दोन्ही पद्धती चालतात, दोन्हींचे जाणकार आहेत, आणि एकाने दुसऱ्याला पटवलेले नाही.

झिंक-फ्लेकचा ८.८ हा पर्याय तिसऱ्या जोडातही स्टेनलेसची जागा घेऊ शकेल का, हा नवा प्रश्न आहे. चाकणच्या पुरवठादारांकडे तो आहे, पण हजारांच्या खोक्यांत. बोटीच्या मालकाला आठ लागतात. शिवाय तो लेप पान्याने किंवा ओल्या लाकडावर घासून ओरबाडला गेला तर किती टिकतो, हे मीठ-फवाऱ्याच्या चाचणीतून कळत नाही.

तोपर्यंत ब्लॉकवर इंजिनवाल्याने सांगितलेला ग्रेड, बेडवर रुंद पट्टीसह ३१६ चा आरपार बोल्ट, आणि दर हंगामात पहिल्या काही फेऱ्यांनंतर पाना हातात घेऊन आठही नट तपासणे, एवढे करता येते.